लटारू आचारी आणि दोन देशांच्या मुंग्या

गोंडपिपरी तालुक्यात कुठे लग्न ठरलं की मुलीच्या बापाला आधी दोघांच्या तारखा बघाव्या लागतात, भटजीच्या आणि लटारूच्या. भटजी मुहूर्त पुढेमागे सरकवतो, लटारू सरकवत नाही. तो चाळीस वर्षं लग्नांचा स्वयंपाक करतोय आणि तितकीच वर्षं यजमानांना फैलावर घेतोय. एकदा वरात दोन तास नाचत राहिली, तेव्हा त्याने मांडवातून निरोप धाडला होता की नवरदेवाने घोड्यावरून उतरावं, नाहीतर भात मी घोड्याला घालतो. नवरदेव उतरला. लटारूच्या वांग्याच्या भाजीपुढे कुणाचा ताठा टिकत नाही.

या भाजीतली निम्मी करामत लालसूची होती. लालसू अहेरीच्या पलीकडच्या जंगलातल्या गावचा माडिया आदिवासी. पंचवीस वर्षांपूर्वी एका लग्नात लाकडं फोडायला आला आणि चुलीपाशीच राहिला. दर उन्हाळ्यात कुऱ्हाड घेऊन यायचा, लग्नसराईभर लटारूच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहायचा आणि पावसाच्या तोंडावर परत जायचा. कुठल्या गंजाखाली, म्हणजे मोठ्या पातेल्याखाली, धावड्याचं लाकूड लावायचं, मोहाचं कधी ओढून घ्यायचं, हे त्याला सांगावं लागत नसे. पन्नास किलो तांदळाचा भात, पण खाली करपला नाही की वर कच्चा राहिला नाही. लटारू मसाला घालायचा, शिव्याही घालायचा, आणि जाळ लालसू सांभाळायचा.

शेवटची पंगत उठली की यजमान लटारूला मांडवात बोलवायचे. खुर्ची, टेबल, बुंदी जास्तीची. लालसू चुलीपाशीच भात घेऊन बसायचा आणि घरून आणलेली पानाची पुडी सोडायचा. तिच्यात लाल मुंग्यांची चटणी असायची. झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या मुंग्या वाळवून, मीठमिरची घालून त्याची बायको वाटून द्यायची. हंगामातल्या पहिल्या लग्नाला लालसू पुडी पुढे करायचा. "घे भाऊ."

"माह्या पोटात वारूळ करतं का बे?" लटारू म्हणायचा. सगळे हसायचे. पुढच्या वर्षी नवा विनोद. पंचवीस वर्षांत पंचवीस विनोद झाले आणि लालसू प्रत्येक विनोदाला हसला.

गेल्या हिवाळ्यात लटारू ऑस्ट्रेलियाला गेला. त्याची मुलगी ज्योत्स्ना तिथे उत्तरेकडच्या एका लहानशा गावात दवाखान्यात नर्स आहे. तिने बापाला तीन महिने बोलावून घेतलं आणि फ्रिजवर एक यादी चिकटवली. इथे येणाऱ्याने काय काय खाल्लंच पाहिजे, त्याची यादी. आचाऱ्याची पोरगी ती, बापाला समुद्र दाखवण्याआधी ताट दाखवलं.

यादीत पहिलं होतं व्हेजिमाइट. काळं, चिकट, बाटलीतलं. लटारूने जॅम समजून बोटभर चाटलं आणि जावयाला विचारलं, की मोटरसायकलच्या चेनीचं वंगण तुम्ही लोक जेवणाच्या टेबलावर काऊन ठेवता? मग मीट पाय आला. ज्योत्स्नाने खात्री करून मेंढीच्या मटणाचा आणला होता. करंजीच्या थोरल्या भावात खिमा कोंडलेला, पण त्यात ना लसूण, ना मिरची, ना कुणाची माया. बारामुंडी नावाच्या ताज्या फडफडीत माशाला नुसतं लिंबू पिळलेलं पाहून तो माशाच्या वतीने चिडला. कांगारू त्याने बराच वेळ चावलं. उड्या मारणारं जनावर मेल्यावरही ऐकत नाही, असं मत देऊन त्याने ताट सरकवलं.

लॅमिंग्टन मात्र आवडला. केकचा चौकोनी तुकडा चॉकलेटमध्ये बुचकळायचा आणि खोबऱ्याच्या किसात लोळवायचा. नाव जिभेवर बसेना म्हणून तो त्याला 'लोळ्या' म्हणायचा आणि चहाबरोबर चार खायचा. एकदा नदीकाठी एक गोरा माणूस निखाऱ्यात कणकेचा गोळा भाजत होता. डॅम्पर म्हणतात त्याला. लटारूने दोन मिनिटं पाहिलं, मग त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि आपल्याकडच्या रोडग्याची राख कशी झटकायची ते हाताने करून दाखवलं. गोऱ्याने लोणी दिलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी तास बरा गेला.

यादीत शेवटी होत्या हिरव्या मुंग्या. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एक म्हातारी पाहुण्यांना रान दाखवायची. तिने पानांच्या घरट्यातून एक मुंगी चिमटीत धरली आणि मागची हिरवी बाजू चाटायला सांगितली. लटारूने जीभ लावली. लिंबासारखा आंबट झटका बसला. "लय भारी!" म्हणत त्याने आणखी दोन चाटल्या आणि म्हातारीला हात जोडले. ज्योत्स्नाने व्हिडिओ काढला.

मार्चमध्ये तो गावी आला, तो थेट बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर. गाव जमलं. वंगण झालं, कांगारू झालं, लोळ्या झाला, मग मोबाईल हातोहात फिरू लागला. लटारूची जीभ, मुंगीचं बूड आणि टपरीभर हशा.

"तिथं हे खायाले लोक विमानानं येतात, बाप्पा!" लटारू सांगत होता. "त्या बाईच्या हातात काय जादू होती!"

आदल्याच दिवशी हंगामासाठी आलेला लालसू बाकाच्या टोकाला बसला होता. मोबाईल त्याच्याकडे आला. त्याने व्हिडिओ पाहिला, संपल्यावर पुन्हा पाहिला.

"आंबट होती?" त्याने विचारलं.

"एक नंबर!"

"हाव," लालसू म्हणाला आणि मोबाईल परत केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली रिकामी होती. कुऱ्हाड नाही, पिशवी नाही. लटारूने त्याच्यासाठी आणलेला कांगारूचा टीशर्ट खाटेवर घडी घालून ठेवला होता. लालसू अहेरीच्या पहिल्या गाडीने निघून गेला, असं टपरीवाल्याने सांगितलं. लटारूने बराच विचार करून कारण शोधलं. टीशर्ट लहान झाला असणार.

आठ दिवसांनी एका तेरवीचा स्वयंपाक होता. जाळाला दुसरा माणूस लावला. भात खाली करपला, वर टणक राहिला आणि मधे लगदा झाला. मेलेल्याच्या भावाने ताटाकडे पाहून विचारलं, "भाऊ, हा भात आमच्यासाठी व्हय का गेलेल्यासाठी?" चाळीस वर्षांत लटारूला कुणी असं बोललं नव्हतं.

त्या संध्याकाळी सोमाजी आला. त्याच्या नातीचं, दीपिकाचं लग्न पाच दिवसांवर होतं. आठशे पान. सोमाजी भला माणूस, पण भात करपल्याची बातमी त्याच्यापर्यंत आली होती, आणि गॅसच्या शेगड्यांवर मंचुरियन करणारा दिनेश केटरर दारात घुटमळत होता.

"लालसू येऊन राह्यला का?" सोमाजीने विचारलं. "परवा रात्रीपर्यंत सांगजो. नाई तर मले दिनेशले हो म्हणा लागन."

लटारूने आधी दिनेशला शिव्या दिल्या, मग लालसूला. "पंचवीस वर्षं सांभाळला, अन् एका टीशर्टावरून गेला!"

त्याची बायको रुखमाबाई पलीकडे डाळ निवडत होती. ती नवऱ्याचं सहसा ऐकून घेते, कारण उत्तर दिलं तर दुप्पट ऐकावं लागतं. आज तिने सूप खाली ठेवलं.

"टीशर्टावरून नाई गेला थो. तुम्ही तिथं अनोळखी बाईच्या हातच्या मुंग्या चाटल्या, अन् साऱ्या गावाले दाखवल्या. थो पंचवीस वर्षं पुडी पुढं करून राह्यला. एकदा तरी बोट लावलं?"

"मी तर मजाक करत होतो."

"हाव. थे बी त्याले समजलं."

लटारूने एकही शिवी न देता खुंटीवरची पिशवी काढली. अंगणातली कोंबडीसुद्धा थबकून पाहू लागली, इतकं हे घरात दुर्मीळ होतं.

सकाळी तो निघाला. आष्टीचा पूल, आलापल्ली, अहेरी, तिथून पुढे भाड्याची जीप आणि शेवटचे दोन कोस पायी. पंचवीस वर्षांत तो लालसूच्या घरी पहिल्यांदाच चालला होता. रस्ता विचारत विचारत जावं लागलं, याची त्याला प्रत्येक वळणावर लाज वाटली.

लालसू अंगणात टोपली विणत होता. त्याने खाट टाकली, पाणी दिलं, प्रवास कसा झाला ते विचारलं, करपलेला भात, सोमाजीकडचं लग्न, सगळं ऐकून घेतलं. राग नाही, आवाज चढलेला नाही. लटारू भांडायच्या तयारीने आला होता. भांडण झालं असतं तर त्याला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात लालसूची बायको घरातून बाहेर आली. तिने अंगणाच्या एका कडेला, घरापासून लांब, तीन दगड मांडले. लाकडं रचली. एक कोरं मडकं आणून ठेवलं, आणि सुपात तांदूळ, मीठ, दोन अंडी, चार मिरच्या. मग ती आत गेली.

"हे काय?" लटारूने विचारलं.

"तुहा सैपाक," लालसू म्हणाला. "आमच्या हातचं तू खात नाई ना. वरच्या जातीचे पाहुणे आले का आम्ही अशीच चूल मांडून देतो. मडकं नवं हाये, काळजी नोको करू."

ही काळजी खरी होती, त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ती लटारूच्या वर्मी लागली. दर लग्नात त्याने शिजवलेलं लालसूने खाल्लं होतं. आणि लालसूच्या घरात मात्र तो शिवता न येणारा पाहुणा ठरून त्याच्यासाठी नवं मडकं निघालं होतं. हे मडकं त्या दोघांनी नाही, आपणच पंचवीस वर्षांत घडवलं, हे त्याला तिथे उन्हात बसल्या बसल्या कळलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगणात चुली पेटवलेला माणूस, पण त्या तीन दगडांकडे जायला त्याचा पाय उचलेना.

लालसूने पुडी पुढे केली असती तर त्याने घेतली असती. पण लालसू टोपली विणत राहिला. मागावंच लागणार होतं.

"चटणी हाये का?" लटारूने विचारलं. "मुंग्यायची?"

लालसूचे हात थांबले. "संपली."

"अन् झाडावर?"

लालसूने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग उठला आणि टोपली त्याच्या हातात दिली.

घरामागच्या आंब्यावर पानांची तीन घरटी होती. लालसू वर चढला. लटारूने खाली टोपली धरायची होती. पहिली फांदी तुटली, ती निम्मी टोपलीत आणि निम्मी लटारूच्या सदऱ्यात पडली. पुढे जे झालं त्याला नाचच म्हणावं लागेल. चौसष्ट वर्षांचा, वजनदार, तालुक्यात दरारा असलेला आचारी सदरा काढून, धोतराला हात घालून अंगणभर उड्या मारत होता आणि अशा शिव्या देत होता की शेजारच्या घरातली माणसं काम टाकून बघायला आली. झाडावर लालसूला फांदी दोन्ही हातांनी धरावी लागली, इतका तो हसत होता. टोपली मात्र लटारूने सोडली नाही.

लालसूच्या बायकोने मुंग्या गरम तव्यावर परतल्या, मीठमिरची घालून पाट्यावर वाटल्या, आणि पत्रावळीवर भाताशेजारी वाढल्या. घरात शिजलेल्या भाताशेजारी. लटारूने घास केला. आंबट, तिखट, आणि मागून जिभेच्या कडेला झिणझिण्या. आचाऱ्याच्या जिभेला खोटं बोलता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मुंगीची ही सख्खी बहीण होती, फक्त हिला मीठमिरची लावणारं माणूस भेटलं होतं.

"कशी हाये?" लालसूने विचारलं.

"भारी. लय भारी हाये बे." लटारूचे डोळे भरले होते. मिरचीही बरीच होती.

"कोणं वाटली?" लालसूने पुढे विचारलं.

"वहिनीनं वाटली ना, माह्यासमोर."

"पंचवीस वर्षं तिनंच वाटली. नाव काय तिचं?"

लटारूचा हात पत्रावळीवरच राहिला. व्हेजिमाइट त्याला सांगता येत होतं, बारामुंडी सांगता येत होतं. ज्या पुडीवर त्याने पंचवीस विनोद केले, ती बांधणारीचं नाव त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याने मान वर केली. ती पाण्याचा गडू घेऊन समोर उभी होती, आणि याला ठाऊक नाही हे तिला ठाऊक होतं.

"मंगली," ती म्हणाली.

"मंगलीबाई," लटारू म्हणाला, "चुकलं माहं. मोठं चुकलं."

मंगलीने लालसूकडे वळून माडियात काहीतरी म्हटलं. लालसू पुन्हा हसला.

"काय म्हणते?"

"मी तर उद्या येतोच तुह्यासंग. म्हणते, तीबी येते. चटणी घेऊन. सोमाजीच्या मांडवात सगळ्यायसमोर भाऊ तिच्या हातची खाते का नाई, थे पाहाचं हाये तिले."

लटारूच्या डोळ्यांसमोर सोमाजीचं अंगण आलं. आठशे माणसं, खुर्च्या, व्याही, टपरीवरचे सगळे, आणि त्या सगळ्यांच्या जिभा. त्याने पत्रावळीवरची उरलेली चटणी बोटाने पुसून खाल्ली.

"या मंगलीबाई," तो म्हणाला आणि पत्रावळ पुढे केली. "आता अजून वाढा."