लुबाबाच्या लोकांचं पातेलं

देसे गावात आमच्या गल्लीत येशीइतकी चोख बाई दुसरी नाही, असं येशी स्वतःच चारचौघांत सांगायची. खोटं नव्हतं, पण ऐकून कान किटायचे. घर ख्रिश्चनाचं, अर्धी गल्ली मुसलमान. त्यांनी कापलेलं आम्ही खात नाही, आम्ही कापलेलं ते खात नाहीत. म्हणून कार्य कुणाकडेही असो, मेंढे दोन आणि चुलीही दोन. मुसलमान पाहुण्यांचं पातेलं येशी एरवी माळ्यावर ठेवायची, सुनेलासुद्धा हात लावू द्यायची नाही. शेजारची लुबाबा म्हणायची, "येशीकडे मी डोळे मिटून जेवते."

येशीच्या मुलीच्या लग्नात लुबाबाच्या भावाने अल्लाचं नाव घेऊन त्यांचा मेंढा कापून दिला. दोन्ही रस्से रटरटत होते. वरात दाराशी आली तशा सगळ्या बायका बघायला धावल्या, आणि नेमका तेव्हाच येशीला करपल्याचा वास आला. हातात होता तोच डाव तिने लुबाबाच्या लोकांच्या पातेल्यात घातला आणि तळापासून ढवळलं. मग तिच्या ध्यानात आलं, डाव आपल्या रश्श्यातला होता.

तिसरा मेंढा नव्हता. पाहुणे हात धुऊन बसले होते. व्याह्यांसमोर आपलं नाक कापलं जाईल, एवढंच तिला सुचलं. तिने झाकण ठेवून दिलं. हे तिनेच मला नंतर सांगितलं, माझ्याकडे न बघता.

वाढायला ती स्वतः गेली. मुसलमानांच्या पंगतीत थट्टामस्करी चालली होती, स्वयंपाकाची तारीफही होत होती. पण जो तो मटण न खाणाऱ्यांसाठी वेगळं शिजवलेलं हरभऱ्याच्या पिठाचं पिठल्यासारखं शिरो इंजेऱ्याच्या आंबवलेल्या पोळीला लावून खात होता. वाढलेल्या मटणाला कुणाचं बोट लागलं नव्हतं. एका म्हाताऱ्याने आणखी शिरो मागितलं, तेही मान खाली घालून.

निघताना लुबाबाने नवरीला आशीर्वाद दिला, येशीच्या गालाला नेहमीसारखा गाल लावला. मग हळूच म्हणाली, "पाणी न्यायला आत आले होते, तेव्हा दिसलं. मी आमच्यांना मटण खाऊ नका एवढंच म्हटलं, का ते नाही सांगितलं."

"चुकून झालं गं," येशी पुटपुटली.

"ढवळलंस ते चुकून. आणि वाढलंस ते?"

येशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लुबाबा आपल्या चपला शोधू लागली.