पप्पाची ओळखपरेड

मी भित्रा माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बायको वेगळं सांगेल, तिचं ऐकू नका.

आम्ही रायपुरातले मराठी. आमच्या सात वर्षांच्या गुड्डीला मराठी सारं समजतं, पण उत्तर हिंदीत! म्हणून मी ठरवलं, घरात पप्पा फक्त मराठीच बोलणार. त्यालाच जोडून पोरीला शिकवून ठेवलं, "एकटी असली का दार कोणालेच उघडायचं नाही. चोर आवाजबी पप्पाचा काढते. पण हिंदीत बोलला, का समजायचं चोर!"

"हव," गुड्डी म्हणाली.

एका रविवारी बायको ड्यूटीवर गेलेली. मी पापड तळायला गॅसवर तेल ठेवलं आणि दारापुढच्या ठेल्यावर कोथिंबीर घ्यायला गेलो. वाऱ्यानं मागे धाडकन दार लागलं. लॅचचं दार! चावी आत, पोट्टी आत, तेल गॅसवर!

कढई पेटली तर? पोट्टी तिथं गेली तर? मी दार बडवलं आणि (भीतीनं जीभच फिरली हो!) ओरडलो, "बेटा, दरवाजा खोलो! जल्दी!"

"कौन?"

"अरे, पापा!"

"मेरे पप्पा घर पे हिंदी नहीं बोलते. आप चोर हो."

"चोर नहीं हूँ!" (हेही हिंदीतच!) दिवसभर ऑफिसात हिंदी बोलणारा माणूस मी, घाबरल्यावर मराठीचा एक शब्द आठवेल तर शपथ! आरडाओरडा ऐकून समोरच्या दीदी धावत आल्या.

"भैया, मराठी में बोलो ना!"

"दीदी, याद ही नहीं आ रही!"

इतक्यात जळका वास आला. मी उंबऱ्यावर बसलो आणि भोकाड पसरलं, "अवं माय, उघड न वं! तेल जळून राह्यलं! लय भेव लागून राह्यलं मले!"

खट्! दार उघडलं. पोरीला उचलून तसाच स्वयंपाकघरात धावलो. गॅस बंद होता.

"मैंने तो कब का बंद कर दिया. मम्मी ने सिखाया है."

(जळत होती ती दीदींची डाळ. बिचाऱ्या मला वाचवायला आल्या होत्या!)

गुड्डीला छातीशी धरून मी खूप रडलो. मग डोळे पुसत, जरा अभिमानानं विचारलं, "मराठी आयकून उघडलं न तू?"

"नहीं पप्पा. मराठी तो चोर को भी आती होगी," गुड्डी म्हणाली, "पर इतना डरते तो सिर्फ आप हो."