सोनूबाईचा बारीक चिरूट

आमच्या मिरकरवाडा बंदरात सोनूबाईला कधी कोणी बसलेली बघितली असेल तर सांगा, मी त्याच्या पाया पडेन! माझी ही शेजारीण मासळी चिरायची, खारवायची, विकायची, सगळं उभ्या उभ्या. नवरा भिकाजी आगबोटीवर खलाशी. तीस सालच्या सुमारास तो सुट्टीवर आला की ओट्यावर पाय सोडून करंगळीएवढा बारीक चिरूट पेटवायचा. मुंबईचा उंची माल! म्हणायचा, "अगो, बस जरा. एक झुरका घेऊन तरी बघ."

"तुमाला कामधंदा नाय. मासळी काय तुमचा बापूस खारवील?" ही फणकारायची.

पुढे भिकाजी बोटीवरच तापाने गेला. त्याची पेटी घरी आली, तीत डबा, डब्यात दोन चिरूट. दीर म्हणाला, "समुद्रात टाक. रांडमुंड बाईला शोभतं काय?"

"ह्यांना त्यात काय गोड लागायचं, ते मला कळायला हवं," सोनूबाई म्हणाली. "त्याबिगर टाकायची नाय."

दुसऱ्या दिवशी तिने पहिला पेटवला, आमच्या रीतीने, जळकी बाजू तोंडात. विडी आम्ही बाया अशीच ओढायचो. वाऱ्याने विझत नाही आणि दोन्ही हात मासळीला मोकळे राहतात. पण हा चिरूट विडीहून जहाल! जीभ अशी भाजली की तो घमेल्यातल्या पाण्यात पडून वाया गेला. मी मेली हसले. तिने असं बघितलं की हसू घशातच राहिलं.

"आजून एक हाय," ती म्हणाली.

जीभ बरी झाली तशी भर दुपारी, दिरासमोर, ती ओट्यावर आली. ह्या वेळी जळकी बाजू बाहेर. चिरूट हातात धरायचा म्हणजे कोयती खाली ठेवणं आलं. घाईने ओढला की कडू लागे, म्हणजे दम धरणं आलं. उभ्याने ते काही जमेना. शेवटी ती बसली, पाय सोडून.

दीर तणतणला. "भावजी, तुमी जावा," ती शांतपणे म्हणाली.

हळूहळू भाजक्या काजूसारखा वास सुटला. तिचा चेहरा सैल झाला. तो असा मी कधीच बघितला नव्हता.

"कसा हाय गो?" मी विचारलं.

बोटांना चटका बसेपर्यंत ती ओढत राहिली. मग शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून हमसून रडायला लागली.

"गोड हाय गो. बस म्हणत होते ते. मी घडीभर बसले असते, तर काय समुद्र आटला असता?"