पात्याला धार लागेपर्यंत

लकडगंजात माझ्या ऑफिससमोर लाकूड कापायची आरामशीन आहे. पातं बोथट झालं की धार लागेपर्यंत ती बंद असते. तेवढ्या वेळात बाकीचे तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतात आणि तिथला मिस्त्री बासरी वाजवतो, डब्यांतल्या टमाटरांना पाणी घालतो, नाहीतर सागाच्या तुकड्यातून पक्षी कोरतो.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि हे मी अभिमानानेच सांगते. पण नोकरी लागल्यापासून माझं चित्र काढणं सुटलं होतं. वेळच मिळत नाही, असं एकदा त्याला म्हणाले.

"काहून? तुमच्या ऑफिसात चहाबी नाही पीत का, ताई?" त्याने फळी आणि पेन्सिल पुढे सरकवली. "मले नीळकंठ काढून द्या."

आठ वर्षांनी हात चालवला. पक्ष्याची मान जाडच झाली. खोडायला गेले, तर त्याने फळीच ओढून घेतली.

आठवड्याने कोरलेला पक्षी दाखवला. मान तशीच जाड.

"अहो, बारीक करायची ना!"

"तुमची रेघ मी कशी कापू? दुसरा काढा, मंग पाहू."

तो दुसरा मी काल काढला. त्याने फळी उन्हात धरून पाहिली, खिशातली पटाशी काढली आणि कोरायला बसला. माझ्या चित्राचा एवढा मान कुणी ठेवला नव्हता.