अध्यक्षांच्या भाषणाचं डिक्टेशन

अन्याय झाला तो आमच्या इराकी मिसवर. मार्च २००३मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षांनी टीव्हीवरून इराकला अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली त्या दिवशी. अध्यक्षांचा हिशेब दुसरे मांडतील. मी शारजातल्या, रोल्ला भागातल्या आमच्या बिल्डिंगबद्दल बोलते आहे.

मिस समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या आणि बिल्डिंगमधल्या मुलांना इंग्रजी शिकवायच्या. पद्धत ठरलेली. अध्यक्षांचं भाषण टीव्हीवर लागलं की ते टेप करायचं, कॅसेट लावायची, आम्ही ऐकून उतरवून घ्यायचं. "आधी तो कुठे थांबतो ते ऐका," मिस म्हणायच्या. "पटलं की नाही, ते नंतर." शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत आम्हाला बक्षिसं मिळायची, तोवर सगळे पालक खूश होते.

त्या दिवशीही त्यांनी तेच केलं. सख्खा भाऊ तिकडे इराकात, बसऱ्यात, तरी कॅसेट लावली. संध्याकाळपर्यंत बोभाटा. अब्बांनी मला दारातच गाठलं.

"उद्यापासून ट्यूशन खलास."

"बट व्हाय? शी डिडंट से एनिथिंग!"

"लढाईचं डिक्टेशन देते, आणि म्हणे काही बोलली नाही! लोक काय म्हणतील? माझा व्हिसा कंपनी देते, तुझी मिस नाही. मोठी आली लीडर!"

दुसऱ्या दिवशी अब्बा ऑफिसात असताना मी गेले. मिसनी रोजच्यासारख्या सगळ्यांसाठी बसायला उशा मांडल्या होत्या. मी एकटीच. त्या बसऱ्याचा नंबर फिरवत होत्या, ठेवत होत्या, पुन्हा फिरवत होत्या.

"बाकीचे?"

"येणार नाहीत, मिस."

"इन्शाल्ला, उद्या," त्या म्हणाल्या आणि रिसीव्हर कानाला तसाच धरून मला पुढचं वाक्य सांगू लागल्या.

उद्या कुणी आलं नाही, मीही गेले नाही. बाँब पडू लागले तेव्हाही नाही. ज्यांच्या घरी दर ईदला मिसची खजुराची बिस्किटं जायची, त्या बायका जिन्यात त्यांना बघून किल्ल्या शोधू लागल्या. शाळेतून येताना मला मिसच्या बंद दारामागून त्यांच्या जुन्या फोनची तबकडी फिरताना ऐकू यायची. आमच्या घरात चार माणसं होती, आणि त्या आवाजाबद्दल बोलायला मला एकही नव्हतं.

तुमच्याही मजल्यावर असं कुणी राहत असेल. त्याच्या देशावर बाँब पडणार असं कुणी टीव्हीवर सांगत असेल, तर ते भाषण पुरं ऐकत बसू नका. उठा. चपला घाला आणि त्याची बेल वाजवा. दार उघडलं की आत जाऊन बसा.