फितुराला कुंकू

तेव्हा मी तिशीची होते आणि मला सगळं येत होतं. ते सुख पुन्हा कधी लाभलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही योकोहामाला होतो. यांना कंपनीने आणखी तीन वर्षं राहता का, असं विचारलं होतं. मला राहायचंच होतं. पण हे आईला विचारल्याशिवाय रुमालही विकत घेत नसत. म्हणून पुण्याहून सासूबाई आल्या, त्या पाहुण्या म्हणून नव्हे, तपासणीला. सून परमुलखात संसार करतेय की नुसती मिरवतेय, ते बघायला.

त्यांनी शाळेत जन्मभर इतिहास शिकवलेला. आठवड्यातच म्हणाल्या, "देवळं पुष्कळ झाली. आता एखादी लढाई दाखव."

म्हणून सेकिगाहाराला गेलो, दोघीच. जपान्यांच्या यादवीतली मोठी लढाई तिथे झाली. कापणी झालेली भातखाचरं, आणि मधूनमधून अक्षरं कोरलेले दगडी खांब. मला जपानीत वाचता यायची ती स्टेशनांची नावं. तेवढ्या भांडवलावर मी वाटाड्या झाले.

"आई, या वीरांच्या समाध्या," मी ठोकून दिलं. आपल्याकडे रणात दगड उभा दिसला की तो वीरगळ. इथे वेगळं कशाला असेल?

पहिल्या खांबांना सासूबाईंनी नुसते हात जोडले. पुढे ओढ्याजवळ एक एकटाच उभा होता. तिथे मी रंगात आले. "हा शेवटपर्यंत लढला हो! एकटा!" माझ्याच बोलण्याने हेलावून मी डोळ्यांना रुमाल लावला. सासूबाईंनी पर्समधून डबी काढली, खांबाला हळदकुंकू लावलं, पुढ्यात संत्रं ठेवलं. मी मनोभावे वाकले.

मागे टोप्या घातलेल्या दोन जपानी बायका उभ्या. आधी त्या दचकल्या, मग एकीने लवून लवून बरंच काही सांगितलं. जपानी ऐकलेलं मला वाचलेल्यापेक्षा बरं कळायचं. दुर्दैवाने सगळं कळलं.

"काय म्हणतात गं?"

"छान आहे म्हणतात."

"एवढी बोलली ती, आणि तुझं दोन शब्दांत आटोपलं? खरं सांग."

सांगितलं. ही समाधी नव्हे. इथे कोणी मेलेलं नाही. कुठल्या सरदाराचा तळ कुठे होता, एवढंच हे खांब दाखवतात. आणि या खांबाचा सरदार ऐन लढाईत पलीकडच्या बाजूला जाऊन मिळाला.

"म्हणजे आपण फितुराला कुंकू लावलं?"

"हो, आई."

"आणि तू त्याच्यासाठी रडलीस."

"थोडीशीच."

"पूस ते. दगड त्यांचा आहे."

मी ओल्या रुमालाने पुसायला गेले, तर कुंकू आणखीच पसरलं. सरदार गुलाबी दिसायला लागले. शेवटी त्या दोघी बाटलीतलं पाणी ओतत राहिल्या, मी घासत राहिले, आणि सासूबाई बाजूच्या दगडावर बसून ते फितुराचं संत्रं सोलून खात होत्या. दोन फोडी त्या बायकांनाही दिल्या. मला नाही.

परतीच्या गाडीत त्या माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत बसल्या. माझी तीन वर्षं गेली, असं धरून मी मनातल्या मनात भांडी बांधायला घेतली.

घरी यांनी दारातच विचारलं, "आई, मग काय करू? राहू की परत येऊ?"

"राहा बाबा," सासूबाई चपला काढत म्हणाल्या. "हिला इथलं अजून ओ की ठो कळत नाही. आत्ता परत आणलीस, तर पुण्यात जपानवर भाषणं देत फिरेल."