साहेबांचा ड्रायव्हर, माझी सही

नांदेडच्या एका कॉलेजात, प्राचार्यांसमोर, आमच्या कंपनीच्या साहेबांनी मला खुर्चीवरून उठवलं. समोर एकाच स्क्रीनवर सहा चौकटी. सहाही काळ्या.

"सवलतीतून आलेल्यांचं असंच असतंय," साहेब प्राचार्यांना म्हणाले. "काम हातात दिलं की वाटोळं."

प्राचार्य हसले. मी भिंतीला लागून उभी राहिले.

मी चाकूरची. बौद्ध घरातली. आई अंगणवाडीत मदतनीस. लातूरच्या खासगी कंपनीत कंत्राटावर लागले होते. तिथं कसली आली सवलत? पण हे मनातल्या मनातच म्हणाले.

काम असं होतं. कॉलेजच्या एकाच मोठ्या सर्व्हरच्या पोटात लिनक्स नावाच्या प्रणालीवरची सहा आभासी मशीनं, म्हणजे संगणकातलेच संगणक, चालायची. ती नव्या सर्व्हरवर बदलून न्यायची. बदलताना स्क्रीनवर चित्र दाखवणारा ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्राम, प्रत्येकाला आपोआप लागतो. कोणता लागावा, ते आधी ठरवावं लागतं. साहेबांनी ठरवलेला ड्रायव्हर या मशीनांवरच्या नव्या लिनक्समधून कधीच काढून टाकलेला. मी लातूरला एक मशीन करून बघितलं होतं. चित्र येईना. मग सगळ्या लिनक्सला ओळखीचा, साधा ड्रायव्हर लावला. लगेच आलं. साहेबांना मेल केला. टेबलापाशी जाऊनही सांगितलं. मोबाइलवरून मान न उचलता ते म्हणाले, "ठरवायचं काम तुझं न्हाई."

मी साहेबांचाच लावला. पोटासाठी.

आता मशीनं आतून चालू होती, पण दिसत काहीच नव्हतं. नेटवर्कचा नवा पत्ता तर स्क्रीनवरूनच टाकायचा होता. प्रवेशाचं काम याच मशीनांवर चालायचं, ते ठप्प. खिडकीवर पोरी कागदं घेऊन ताटकळून राहिल्या होत्या. हिमायतनगरहून आलेली एक सारखी विचारत होती, आजच शेवटचा दिवस हाय न.

साहेब प्राचार्यांबरोबर चहाला गेले. मी खुर्चीत बसले. एकेका मशीनचा ड्रायव्हर बदलला, पत्ते टाकले. सहाही लागली. परत आल्यावर प्राचार्यांनी साहेबांचा हात हातात घेतला, आभार मानले. साहेबांनी ते घेतले. गाडीत लातूरपर्यंत रडू दाबत आले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद पुढं केला. चुकीचा ड्रायव्हर मी निवडला, असं त्यात लिहिलेलं.

"सही कर. कंत्राट संपत आलंय तुझं."

मी माझा मेल छापून त्या कागदावर ठेवला.

"हे मी लिहिलेलं हाय. ते तुम्ही लिहिलंय. मी सही करणार न्हाई."

साहेबांनी मेल वाचलाही न्हाई. त्याच आठवड्यात मला काढलं.

आता मुलाखतीला गेले की विचारतात, आधीची नोकरी का सुटली. घरची गरज होती म्हणून सांग, असं आई म्हणते. मी घडलं ते सांगते. साहेब काय बोलले, तेही शब्दाला शब्द सांगते. दोन जागी नकार आला. तिसऱ्या जागीही हेच सांगणार हाय.